काटा बरोबर असेलही, पण पावती कुठाय?



या पानावर मी एरवी ऊस, हरभरा, माती-पाणी यावर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेतकऱ्याला नवा नाही. विषय आहे मोजमापाचा.

कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली उभी राहते. भरलेलं वजन होतं, गव्हाणीत ऊस पडतो, रिकामं वजन होतं, हातात पावती येते. काट्यावरचा माणूस प्रामाणिक आहे का लबाड, हे आपल्याला त्याच्या तोंडाकडं बघून कळत नाही. म्हणून शहाणा शेतकरी काय करतो? एखादी खेप आधी बाहेरच्या काट्यावर तोलून घेतो आणि कारखान्याची पावती जपून ठेवतो. नुसतं पारावर बसून "काटा मारतात" म्हणणारा आणि "छे, काटा एकदम चोख" म्हणणारा, या दोघांकडं पावती नसेल तर दोघांच्या बोलण्याला सारखीच किंमत. म्हणजे शून्य.

मतदानाचंही तसंच आहे, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा मी गावातल्या एका बूथवर एजंट होतो. पहाटे साडेपाचला हजर. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मॉक पोल असतो. एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकायची, कंट्रोल युनिटवरचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या, मग मशीन 'क्लिअर' करून शून्य दाखवायचं, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. सीलवर सह्या केल्या. दिवसभर यादीवर खुणा केल्या.

आणि संध्याकाळी पाचला उठून घरी आलो. रात्रीच्या लाइटीची पाळी होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. म्हणलं, आता काय राहिलंय?

सगळं तिथंच राहिलं होतं.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष 'क्लोज'चं बटण दाबतो, एकूण किती मतं पडली तो आकडा १७ सी नावाच्या नमुन्यात लिहितो. त्यावर मशीनचे नंबर, सीलचे नंबर, यादीत किती मतदार, किती जणांनी मत टाकलं, सगळं असतं. निवडणूक नियमावली १९६१ च्या नियम ४९ एस प्रमाणं त्याची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला द्यावी लागते. हजर असलेल्या. मी हजर नव्हतो. ऊस पाडून, भरून, काट्यावर नेऊन पावती न घेता परत आल्यासारखं झालं.

२३ तारखेला निकाल लागला. आमच्या बूथवर आमच्या माणसाला आम्ही धरली होती त्यापेक्षा बरीच कमी मतं. पारावर चर्चा सुरू झाली. "पाचनंतर मतं वाढवली." "मशीन सेट होतं." मीही त्यातलाच एक, आणि आवाज माझाच मोठा.

माझ्या बांधाला बांध लागून असलेला माझा मित्र समोरच्या पक्षाचा एजंट होता. तो एवढंच म्हणाला, "आपल्या बूथवर एकूण मतं किती पडली, ते तरी सांग." मला सांगता आलं नाही. त्यानं खिशातनं घडी केलेला कागद काढला. १७ सी. एकूण मतं ८१२. मोजणीच्या टेबलावरही ८१२ च निघाली होती. म्हणजे आमच्या बूथवर रात्रीत काही घुसलं नव्हतं. आमची मतं आमच्याच लोकांनी दिली नव्हती, एवढं साधं होतं.

पण मला तो कागद बघायचाच नव्हता. शब्दाला शब्द वाढला. त्याच्या-माझ्या वडलांपासून चालत आलेला पैरा त्या हंगामात मोडला. खोडव्याची मशागत दोघांनी वेगवेगळी मजुरी देऊन केली. पुढं एकदा मोटारीचा स्टार्टर जळाला तेव्हा तोच आला, आणि हात पुसता पुसता म्हणाला, "माझ्याकडं कागद होता म्हणून तू गप्प बसलास. नसता तर आयुष्यभर तू मला चोर म्हणला असतास, आणि मी तुला येडा." हे वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही.

आता राज्याचं बघू.

त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतचा आकडा ५८.२२ टक्के सांगितला गेला आणि शेवटचा आकडा ६६.०५ टक्के आला. मधल्या ७.८३ टक्क्यांवरून आजही भांडणं चालू आहेत. यातलं नीट समजून घ्या. पाचचा आकडा बूथवरून तोंडी, फोनवरून वर जाणारा अंदाजी आकडा असतो. मतदान सहापर्यंत असतं, आणि सहाला जे रांगेत उभे असतात त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटून सगळ्यांचं मतदान होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे आकडा वाढणार हे उघड आहे. पण इतका वाढला तो सगळा रांगेतलाच का, याचं उत्तर टीव्हीवरच्या चर्चेत नाही. ते १,००,१८६ मतदान केंद्रांवरच्या १७ सी मध्ये आहे. आयोगाचंही म्हणणं हेच होतं की एजंटांना प्रती दिलेल्या आहेत. मग ज्या पक्षांनी शंका घेतली त्यांनी आपल्या प्रती गोळा करून बूथवार मांडायला हव्या होत्या. आणि आयोगानंही त्या स्वतःहून सगळ्यांसमोर ठेवायला हव्यात. २०२४ च्या लोकसभेवेळी हीच मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती. निवडणूक मधेच चालू असल्यानं २४ मे २०२४ ला कोर्टानं अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. पण मागणी चुकीची आहे असं त्यामुळं ठरत नाही. जो कागद सगळ्या एजंटांच्या हातात देता येतो, तो वेबसाइटवर टाकायला कसली अडचण?

आता कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांसाठी थोडं गणित.

माती परीक्षणाला आपण सगळं रान खणून पाठवत नाही. नागमोडी फिरत ठिकठिकाणचे नमुने घेतो. व्हीव्हीपॅटचंही तसंच आहे. एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितल्यापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या सोडत काढून मोजतात आणि मशीनच्या आकड्याशी ताडतात. आपल्या २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० नमुने झाले. सगळे जुळले असं राज्याच्या निवडणूक यंत्रणेनं सांगितलं.

याचा अर्थ काय? समजा राज्यातल्या दर शंभर केंद्रांपैकी एका केंद्रात मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. सोडत खरी असेल, तर १,४४० नमुन्यांत त्यातलं एकही न सापडण्याची शक्यता लाखात एक इतकीही नाही. म्हणून "सगळ्या राज्यातली मशीनं फिरवली" हे म्हणणं मला पटत नाही. पुराव्याशिवाय तर नाहीच नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा. एका मतदारसंघात सरासरी ३४८ केंद्रं येतात. त्यातल्या तीन-चार केंद्रांतच गडबड असेल, तर पाच नमुन्यांत ती सापडण्याची शक्यता शंभरात चार ते सहा. पस्तीस केंद्रांत असली तरी शंभरात एक्केचाळीस. आमदारकी दोन-चारशे मतांनी लागते तिथं तीन-चार केंद्रंही पुरतात. म्हणजे पाच नमुने हे राज्याच्या रानाला पुरेसे आहेत, पण एकेका वाफ्याला नाहीत. "पाच मोजल्या, जुळल्या, विषय संपला" म्हणणारेही चूकच. जिथं विजयाचा फरक कमी, तिथं नमुने जास्त घ्यावेत, ही साधी शेतकी अक्कल आहे. चुनखडीचा पट्टा असलेल्या रानात आपण जास्त ठिकाणी खणतोच की.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के मशीनची तपासणी मागायची मुभा दिली. त्यासाठी २०२४ मध्ये एका संचाला ४०,००० रुपये आणि वर जीएसटी असा खर्च होता. गडबड सापडली तर पैसे परत. पडलेल्या गरीब अपक्षाला हे जमेल का, तुम्हीच सांगा.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. चिठ्ठ्या मोजून यादीतली चूक कधीच सापडत नाही. बियाणंच भेसळीचं असेल तर काटा कितीही खरा असून काय उपयोग? लोकसभा ते विधानसभा या सहा महिन्यांत राज्याची मतदारसंख्या साधारण ९.३० कोटींवरून ९.७० कोटींवर गेली. त्यातले नवे तरुण किती, राहून गेलेले किती, दुबार किती, हे मुंबईत बसून कळणार नाही. ते गावातच कळतं. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण पुण्याला कायमचं राहायला गेलं, हे बीएलओपेक्षा चावडीवरच्या म्हाताऱ्यांना जास्त ठाऊक असतं. बिहारमध्ये २०२५ साली यादीची मोठी फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. ती नावं कारणांसकट जाहीर करा, असं सुप्रीम कोर्टाला १४ ऑगस्टला सांगावं लागलं. नाव वाढवणं असो वा कमी करणं, उघड्यावर झालं पाहिजे, इतकंच.

काहीजण म्हणतात, मशीन जाऊ द्या, शिक्का-कागद आणा. मार्कडवाडीचं आठवत असेल. माळशिरस तालुक्यातल्या या गावानं मशीनवरच्या आकड्यांवर शंका घेतली. तिथं राम सातपुतेंना १,००३ आणि उत्तम जानकरांना ८४३ मतं दिसली. खरं तर जानकर निवडून आले होते. तरी गावानं ३ डिसेंबर २०२४ ला स्वखर्चानं कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, कार्यक्रम थांबला, गुन्हे दाखल झाले.

माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. गावानं शांतपणे केलेल्या प्रयोगाला पोलीस लावणं चूक होतं. शंका दाबली की ती मोडावर येते. पण त्या दिवशी कागदावर मतदान झालं असतं, तरी त्यातनं २० तारखेला काय झालं ते सिद्ध झालं नसतं. निकाल माहीत झाल्यावर, गाव बघत असताना टाकलेलं मत वेगळं असतं. खरा पुरावा त्या बूथच्या सीलबंद चिठ्ठ्यांत होता. त्या मोजून दाखवल्या असत्या, तर एका दुपारीत वाद मिटला असता. ती सोय कायद्यात सहज हवी, ही मागणी गावानं लावून धरायला पाहिजे.

कागद म्हणजे प्रामाणिकपणा असंही नाही. ३० जानेवारी २०२४ ला चंदीगडच्या महापौराची निवडणूक कागदी मतपत्रिकेवरच झाली. मतं होती फक्त ३६. पीठासीन अधिकाऱ्यानंच आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. कॅमेऱ्यात सापडला म्हणून २० फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला. तिथं कागदानं नाही, कॅमेऱ्यानं वाचवलं. आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला केंद्रानं नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारखी इलेक्ट्रॉनिक नोंद लोकांना मागता येऊ नये अशी तरतूद केली. कोण मतदानाला आलं, कोण नाही, हे उघडं पडेल, अशी भीती सांगतात. ती अगदीच खोटी नाही, गावात असल्या गोष्टींवरून डोकी फुटतात. पण मग मोजणीच्या जागेचं, सील करतानाचं चित्रण तरी द्या. सगळंच झाकायचं कशाला?

दुसरं उदाहरण हरियाणातलं, पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावचं. नोव्हेंबर २०२२ ची सरपंचपदाची निवडणूक, मशीनवर झालेली. एका बूथच्या मोजणीवरून वाद झाला. शेवटी २०२५ साली सुप्रीम कोर्टानं मशीनं दिल्लीला मागवून आपल्या आवारात, दोन्ही बाजूंसमोर मोजली. आधी हरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० मतांनी जिंकला. बघा, तीच मशीनं आणि तीच मतं. मोजून लिहिण्यात चूक झाली आणि पावणेतीन वर्षं दुसराच माणूस सरपंच राहिला.

आणि आफ्रिकेतला मलावी. आपल्यासारखाच शेतीवर जगणारा, मक्याचा देश. २०१९ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तिथल्या कोर्टानं फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केली. कशावरून? निकालपत्रांवर वाइटनर लावून आकडे बदललेले सापडले. जूनमध्ये पुन्हा मतदान झालं आणि निकाल उलटा लागला. तिथंही लढाई कागदावरच्या आकड्यांची होती, आणि ते आकडे नीट बघणारे कुणीतरी होते.

म्हणून माझं म्हणणं असं. मशीन का कागद, हा वाद दुय्यम आहे. बघणारा माणूस शेवटपर्यंत बसला का, हा खरा प्रश्न आहे. गावोगावी आपण हेच सोडलंय. पक्षाचा एजंट म्हणजे चहा-वडापाव खाऊन दुपारी गायब होणारा पोरगा, अशी गत झालीय. आणि निकालानंतर बोंब मारायला सगळे पुढं.

मी पुढच्या निवडणुकीपासून स्वतःला घालून घेतलेले नियम असे आहेत. पटले तर घ्या.

१. मतदार यादी आली की गावात मोठ्यानं वाचायची. सगळ्या पक्षाची माणसं बसवून. वारलेला, गेलेला असेल तर नमुना ७, नवीन असेल तर नमुना ६, दुरुस्ती असेल तर नमुना ८. हे मतदानाच्या आधी. मतदानादिवशी यादीवर रडून उपयोग नाही.

२. एजंट मॉक पोलपासून 'क्लोज'चं बटण दाबेपर्यंत. त्या रात्री पाण्याची पाळी असेल तर भावकीतल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवायचं. १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय, मशीनचे आणि सीलचे नंबर ताडल्याशिवाय उठायचं नाही.

३. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या एजंटांनी आपापली प्रत एकत्र धरून जुळवायची आणि एकूण मतांचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. निकालाच्या आधी. कोण जिंकलं हे माहीत नसताना कबूल केलेला आकडा नंतर कुणाला नाकारता येत नाही.

४. मोजणीला जाणाऱ्या प्रतिनिधीच्या हातात ती प्रत द्यायची. टेबलावर मशीन आलं की आधी नंबर आणि एकूण आकडा जुळवायचा, मग उमेदवारांची मतं.

५. मत टाकल्यावर सात सेकंद व्हीव्हीपॅटची काच बघायची. आपण घाईनं निघून येतो. चिठ्ठीवर वेगळं चिन्ह दिसलं तर तिथंच केंद्राध्यक्षाला सांगायचं. लेखी द्यावं लागतं आणि खोटं ठरलं तर शिक्षा आहे, म्हणून खात्री असेल तरच. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरायचं नाही, प्रदत्त मत मागायचं. तो तुमचा हक्क आहे.

६. ग्रामपंचायत, झेडपीच्या मतदानात व्हीव्हीपॅट नसतं. तिथं तर एजंट आणि सह्यांचा कागद हाच एक आधार. म्हणून तिथं दुप्पट जागं राहायचं.

आणि एक इशारा. राखण करणं म्हणजे दांडगाई करणं नाही. बूथवर बसून एखाद्या वस्तीच्या, एखाद्या समाजाच्या प्रत्येक बाईला अडवून "तुझं नाव खरं का?" विचारणारा एजंट हा राखणदार नाही, चोरच आहे. मत कुणाला दिलं हे बघायचा अधिकार कुणालाही नाही. आपण मोजणी राखायची, माणसं नाही.

कुणी म्हणेल, सामान्य माणसानं हे सगळं का करायचं, आयोग पगार घेतो ना? खरंय. आयोगानं १७ सी उघड करावा, फरक कमी तिथं जास्त चिठ्ठ्या मोजाव्यात, तपासणीचा खर्च कमी करावा. ही मागणी सोडायची नाही. पण पीक आपलं असेल तर राखणीला आपणच जातो. रानडुकरांचा बंदोबस्त वन खात्यानं करायचा म्हणून कुणी मका उघडा टाकत नाही.

यंदा तो मित्र आणि मी परत पैऱ्यानं काम करतोय. पक्ष दोघांचे अजून वेगळेच आहेत. पुढच्या मतदानाला दोघंही एजंट बसणार आहोत, समोरासमोर. त्यानं एक अट घातलीय, मतदान संपल्यावर दोघांनी एकदमच उठायचं, आपापली पावती खिशात घालून.

मी कबूल केलंय. हरभऱ्याच्या पाण्याचं काय ते घरचं बघून घेऊ.